धातूच्या मालाचं पॅकिंग: गंज, डाग आणि पोचे टाळण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्पॅचमध्ये काम करणारे, लहान कारखानदार आणि खोकं उघडल्यावर हबकलेले ग्राहक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचलं तरी चालेल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. गंजाच्या ज्या तक्रारी मी हाताळल्या, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी पाणी बाहेरून आत शिरलेलं नव्हतं. ते पॅकिंगच्या टेबलावरच मालाबरोबर आत बंद झालं होतं. पुढची बरीचशी उत्तरं याच मुद्द्यापाशी येतात.

१. बंद खोक्यात माल गंजतोच कसा? आत पाणी तर नसतं.

पाणी असतं, फक्त दिसत नाही. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, पण पाण्याचा थर डोळ्याला दिसण्याइतका जाड असावा लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर ओलाव्याचा अतिशय पातळ थर धरतो. हात फिरवला तर जॉब, म्हणजे कारखान्यात घडवलेला धातूचा भाग, कोरडाच लागतो, पण गंजाची क्रिया सुरू व्हायला तेवढा थर पुरतो.

पृष्ठभागावर मीठ, घाम, कूलंट (मशीनवर कापताना वापरायचा थंडावा देणारा द्रव) किंवा ॲसिडचा अंश राहिला असेल तर ही ६० टक्क्यांची मर्यादाही उरत नाही. क्षार स्वतः हवेतून ओलावा ओढतात, त्यामुळे बऱ्याच कमी आर्द्रतेतही गंज सुरू होतो. एकाच रॅकवर शेजारी ठेवलेल्या दोन जॉबपैकी एक महिनाभर चकचकीत राहतो आणि दुसऱ्यावर चार दिवसांत ठिपके येतात, ते यामुळे.

२. गोदाम कोरडं आहे, तरी सकाळी मालावर दव का दिसतं?

हवा गार झाली की तिची बाष्प धरण्याची ताकद कमी होते. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम. उरलेलं पाणी जिथे गार पृष्ठभाग मिळेल तिथे जमतं. हवा ३० अंशाची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर २४ अंशाच्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरणार. म्हणजे फक्त सहा अंशांचा फरक पुरतो.

जड लोखंडाच्या बाबतीत खरी अडचण सकाळी होते. रात्रभर गार झालेला माल सावकाश तापतो, बाहेरची हवा मात्र ऊन पडताच तापते आणि बाष्प घेऊन आत येते. कंटेनरमध्ये उलटंही होतं. रात्री छताचा पत्रा आधी गार पडतो, त्याला आतून पाणी सुटतं आणि थेंब खाली खोक्यांवर पडतात. छताला भोक नसताना खोकी वरून भिजलेली दिसली तर आधी हेच कारण तपासा. मग ते पाणी आलं कुठून, याचं उत्तर प्रश्न १४ मध्ये आहे.

३. वॉशिंग मशीनमधून निघालेला गरम जॉब लगेच पिशवीत भरला तर चांगलंच ना? तो कोरडा असतो.

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. ग्राइंडिंग झालेल्या शाफ्टची एक खेप निघायची घाई होती. जॉब वॉशिंगमधून आले ते हाताला चटका बसेल इतके गरम. वरून अगदी कोरडे. तसेच पॉलिथिनच्या पिशवीत घालून तोंड सील केलं. तीन आठवड्यांनी ग्राहकाने खोकं उघडलं तेव्हा पिशवीच्या आतल्या बाजूला बारीक थेंब होते, आणि जिथे पिशवीची घडी शाफ्टला टेकली होती तिथे रेघ मारावी तशी तपकिरी रेष. बंद भोकांमध्ये आणि आट्यांमध्ये राहिलेलं पाणी उष्णतेने वाफ झालं, पिशवीत कोंडलं आणि जॉब गार होताच पुन्हा पाणी होऊन बसलं.

जॉब खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बंद भोकं कोरड्या हवेच्या झोताने उडवून घ्या, आणि कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये पाणी किंवा तेल येत नाही ना ते आधी पांढऱ्या कापडावर झोत मारून बघा. उलट टोकही टाळा. वातानुकूलित खोलीतला गार जॉब दमट पॅकिंग विभागात आणला की त्यावर लगेच ओल धरते. दोन्हीकडे तापमान सारखं झाल्यावरच पिशवीचं तोंड बंद करा.

४. हातमोजे खरंच लागतात, की ते फक्त ऑडिटसाठी?

खरंच लागतात. घामात क्लोराइड असतं, शिवाय लॅक्टिक ॲसिडसारखी आम्लं. मघाच्याच खेपेतला एक शाफ्ट मी अजून ठेवला आहे. त्यावर अंगठ्याचा ठसा गंजाने उमटला आहे, एकेक वळी मोजता येईल इतका स्वच्छ. त्याच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग अजून आरशासारखा आहे.

मोजे कोरडे आणि स्वच्छ हवेत. दिवसभर घातलेले घामाने ओले सुती मोजे हातापेक्षा वाईट, कारण ते घाम सगळ्या जॉबवर सारखा पुसतात. नायट्राइलचे मोजे आत घातले तर हा प्रश्न सुटतो. उघडा हात लागलाच तर नुसतं कापडाने पुसून क्षार जात नाहीत. बोटांचे ठसे काढणारं तेल मिळतं, ते वापरा.

५. जॉब पुरेसा स्वच्छ झाला हे पॅक करण्याआधी कसं ओळखायचं?

सोपी चाचणी: स्वच्छ पाणी पृष्ठभागावर सोडा. पाण्याचा थर न तुटता सलग पसरला तर पृष्ठभागावर तेलकटपणा नाही. मण्यांसारखे थेंब झाले किंवा थर मध्येच फाटला तर तिथे काहीतरी आहे. ही चाचणी तेलकटपणाची आहे, क्षारांची नाही. क्षारांसाठी शेवटच्या धुण्याचं पाणी तपासावं लागतं. पाणी पुन्हा पुन्हा वापरलं की त्यात क्षार साठत जातात, आणि आपण जॉब धुतोय असं वाटत असताना त्याला मिठाचं पाणी लावत असतो. चाचणीचा नमुना परत मालात टाकू नका, निदान नीट वाळवून तेल लावल्याशिवाय नाही.

६. रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल (गंज रोखणारं तेल) लावलं आहे. मग वेगळं पॅकिंग कशाला?

तेल काम करतं, पण त्याला मर्यादा आहेत. उभ्या पृष्ठभागावरून ते ओघळतं, कडांवर थर पातळ राहतो, आणि जॉब थेट पुठ्ठ्यावर ठेवला तर पुठ्ठा ते पिऊन टाकतो. खालची बाजू गंजली आणि वरची नाही, अशी तक्रार आली की मी प्रथम जॉब कशावर ठेवला होता ते विचारतो.

तेल कोणतं हेही बघावं लागतं. पाणी हटवणारं तेल ओलाव्याच्या खाली शिरून त्याला वर ढकलतं, ते ओल्या जॉबवर चालतं. साधं तेल ओल्या जॉबवर लावलं तर पाणी तेलाखाली अडकतं आणि गंज निवांत वाढतो. सॉल्व्हंट असलेलं तेल लावल्यावर सॉल्व्हंट उडून जाईपर्यंत थांबा. मेणासारखा जाड थर देणारी तेलं जास्त दिवस टिकतात, पण ग्राहकाला ती काढायला त्रास होतो, म्हणून आधी विचारून घ्या.

७. व्हीसीआय म्हणजे नेमकं काय?

असा कागद, फिल्म किंवा गोळी, जिच्यातून गंज रोखणारं रसायन सावकाश वाफ होऊन निघतं, बंद जागेत पसरतं आणि धातूच्या पृष्ठभागावर बसतं. याचा सुरुवातीचा मोठा वापर १९४० च्या दशकात लष्करी सामानासाठी झाला. डायसायक्लोहेक्झिलअमोनियम नायट्राइट हे त्या काळापासून प्रसिद्ध असलेलं रसायन. फायदा असा की तेलाचा हात पोचत नाही अशा भोकांत आणि खाचांत वाफ पोचते, आणि ग्राहक पिशवी फाडून जॉब थेट वापरू शकतो.

वाफेला वेळ आणि बंद जागा, दोन्ही हव्यात. पॅक केल्या केल्या संरक्षण मिळत नाही, काही तास जाऊ द्यावे लागतात. त्यामुळे व्हीसीआयमध्ये भरलेला माल लगेच थंडीत पाठवू नका. अंतरही मोजा. कागद धातूपासून साधारण ३० सेंटीमीटरच्या आत असावा, हा रोजच्या कामातला नियम आहे. मोठ्या पोकळ हाउसिंगला (मशीनच्या बाहेरच्या कवचाला) बाहेरून कागद गुंडाळला तर आतली पोकळी उघडीच राहते. आत वेगळा तुकडा किंवा गोळी ठेवा.

८. व्हीसीआय कागदाची कोणती बाजू आत?

रसायन लावलेली बाजू धातूकडे. बहुतेक कागदांवर छापील बाजू बाहेर ठेवायची असते, पण रोलवरची सूचना वाचूनच ठरवा.

९. व्हीसीआयच्या पिशवीत भरूनही माल गंजला. पिशवी बोगस होती का?

असू शकते, पण मी आधी पाच गोष्टी विचारतो. पिशवीचं तोंड नीट बंद होतं का? जॉब आणि पिशवीच्या मध्ये साधा पुठ्ठा किंवा साधं पॉलिथिन होतं का? साधं पॉलिथिन वाफेला अडवतं आणि पुठ्ठा तिला शोषून घेतो. रोल किती दिवस उघडा पडला होता? उघड्या रोलच्या बाहेरच्या थरांतलं रसायन हवेत उडून जातं, म्हणून काम संपलं की रोल पुन्हा मूळ वेष्टनात गुंडाळावा. जॉब एकावर एक इतके घट्ट रचले होते का की मधल्या जोडांत वाफ शिरूच शकली नाही? आणि जॉबवर गंजाची सुरुवात आधीच झाली होती का? व्हीसीआय नवा गंज रोखतं, बसलेला काढत नाही.

पिशवीचाच संशय असेल तर वाळूकागदाने घासून पुसलेल्या साध्या पोलादाच्या दोन पट्ट्या घ्या. दोन काचेच्या बरण्यांत थोडं थोडं पाणी घाला. एका बरणीत पट्टीबरोबर पिशवीचा तुकडा टांगा, दुसरीत नुसती पट्टी टांगा. पट्ट्या पाण्याला लागू देऊ नका. एक दिवस बंद ठेवा, मग बरण्यांतलं पाणी कोमट करून पुन्हा गार होऊ द्या. दोन्ही पट्ट्या सारख्याच गंजल्या तर पिशवीवर बोट ठेवायला जागा आहे.

१०. एकाच असेंब्लीत लोखंड, पितळ आणि ॲल्युमिनियम आहे. कुठलंही व्हीसीआय चालेल?

चालणार नाही. लोखंडासाठी बनवलेली काही रसायनं तांब्याच्या किंवा जस्ताच्या मिश्रधातूंना डाग पाडतात. तांबं आणि पितळ यांच्यासाठी बेंझोट्रायझोल गटातली रसायनं वापरतात. बहुधातू असं लिहिलेला प्रकार मागवा आणि आपल्याच असेंब्लीवर काही आठवडे ठेवून बघा. रबर, वंगण, रंग आणि पारदर्शक प्लास्टिक यांवर परिणाम होतो का तेही याच वेळी दिसेल.

एक गोष्ट कामगारांच्या तब्येतीची. नायट्राइट आणि दुय्यम अमाइन एकत्र असले की नायट्रोसअमाइन तयार होऊ शकतात, आणि त्यांतले बरेच कर्करोगकारक आहेत. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या आणि त्यात हा मुद्दा बघा. पॅकिंग करणारे हात दिवसभर तोच कागद हाताळत असतात.

११. सिलिका जेलची (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची) किती पाकिटं टाकायची?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर अंदाजाने ठरतं. त्यामुळे एकदा हिशोब मांडू.

जर्मन मानक डीआयएन ५५४७३ प्रमाणे शोषकाचं एक एकक म्हणजे २३ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रतेला किमान ६ ग्रॅम बाष्प शोषणारी मात्रा. आपल्याला पिशवीतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत ठेवायची आहे. पेटी एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटर, मुक्काम १८० दिवस.

पाणी तीन वाटांनी येतं. पहिली, आत कोंडलेली हवा. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची एक घनमीटर हवा म्हणजे साधारण २४ ग्रॅम पाणी. दुसरी, आत ठेवलेलं पाणी धरणारं सामान. लाकडी ठोकळे ५ किलो असतील आणि एका किलोतून ८० ग्रॅम पाणी सुटेल असं धरलं तर ४०० ग्रॅम. तिसरी, वेष्टनातून झिरपणारं बाष्प. ॲल्युमिनियम फॉइलची लॅमिनेट पिशवी दिवसाला चौरस मीटरमागे ०.१ ग्रॅम सोडते असं धरू. सहा चौरस मीटर आणि १८० दिवसांचे १०८ ग्रॅम. आतली आर्द्रता वाढत जाते तसं आत येणं मंदावतं, त्यासाठी ४० टक्क्यांच्या मर्यादेला ०.७ चा गुणक लावतात, म्हणजे सुमारे ७६ ग्रॅम.

बेरीज ५०० ग्रॅम. भागिले ६, म्हणजे ८४ एककं.

आता बघा, त्या ५०० पैकी ४०० ग्रॅम पाणी आपणच लाकडाच्या रूपाने आत ठेवलं आहे. ठोकळे पिशवीच्या बाहेर नेले आणि आत फोम वापरला तर गरज १७ एककांवर येते. उलट लॅमिनेटऐवजी साधं पॉलिथिन घेतलं आणि ते दिवसाला चौरस मीटरमागे ४ ग्रॅम सोडतं असं धरलं, तर झिरपणारं पाणीच तीन किलोच्या वर जातं आणि ५०० हून जास्त एककं लागतात. साध्या पॉलिथिनमध्ये दोन पाकिटं टाकून सहा महिने निश्चिंत राहता येत नाही, ते याच आकड्यांमुळे. पॉलिथिन पाणी अडवतं, बाष्प अडवत नाही.

१२. निळे दाणे गुलाबी झाले. टाकून द्यायचे का?

दाणे भरले आहेत, खराब झालेले नाहीत. साधं सिलिका जेल साधारण १२० अंशाला काही तास तापवलं की पुन्हा वापरता येतं, पण पाकिटाचं कापड ते तापमान सोसतं का ते आधी बघा. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, ते कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे. म्हणून आता नारिंगीचा हिरवा होणारा प्रकार जास्त वापरतात. निळे दाणे स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये कधीही तापवू नका.

शोषकाची पाकिटं हवाबंद डब्यातून काढल्यावर थोड्याच वेळात पिशवी सील झाली पाहिजे. सकाळी टेबलावर ओतून ठेवलेली पाकिटं दुपारपर्यंत खोलीतलं पाणी पिऊन बसतात. पिशवीत आर्द्रता दाखवणारं कार्ड ठेवलं तर पुढे वाद होत नाही.

१३. कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या जास्त पाणी शोषतात. त्याच वापरू?

कंटेनरच्या भिंतीला टांगायला त्या चांगल्या. पण उघड्या धातूच्या पॅकिंगमध्ये ठेवू नका. शोषलेल्या पाण्याचं मिठाचं द्रावण होतं, आणि पिशवी फाटली किंवा उलटी झाली तर तेच क्लोराइड थेट मालावर सांडतं. व्हीसीआयच्या पिशवीत सिलिका जेल टाकायचं का, असंही विचारलं जातं. सहसा नको, शोषक व्हीसीआयची वाफही ओढून घेऊ शकतो. एक मार्ग निवडा आणि तो नीट पाळा.

१४. पॅलेटवर एचटी (हीट ट्रीटमेंट) शिक्का आहे, म्हणजे लाकूड कोरडं ना?

नाही. तो शिक्का किडीसाठी आहे. आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाचा गाभा ५६ अंशाला सलग ३० मिनिटं ठेवलेला असतो. त्याने कीड मरते, लाकूड वाळत नाही. शिक्का असलेलं पॅलेट चांगलं ओलं असू शकतं, विशेषतः उघड्यावर रचलेलं. कंटेनरमधल्या पाण्याचा मोठा साठा पुष्कळदा हाच असतो.

ओलावा मोजायचं दोन टाचण्यांचं मीटर घ्या आणि कडेला न मोजता मधल्या ठोकळ्यात मोजा. २० टक्क्यांच्या वर असेल तर ते पॅलेट मी मालाखाली घेत नाही. शिवाय लाकडातून ॲसेटिक ॲसिडची वाफ निघते, ओकसारख्या लाकडातून जास्त. जस्त आणि शिसं तिला लवकर बळी पडतात. लाकूड आणि धातू यांचा थेट संबंध येऊ देऊ नका, मध्ये अडथळा हवाच.

१५. पुठ्ठ्याचं खोकं पुरतं का?

जागेवर मजबूत असतं, दमट हवेत नसतं. आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत गेली की पुठ्ठ्याची वजन पेलण्याची ताकद निम्मी किंवा त्याहून कमी होऊ शकते. धातूचा माल लहान जागेत जड असतो, त्यामुळे खालचं खोकं आधी दबतं आणि गंजाच्या आधी पोचे येतात. रचण्याची उंची ठरवताना दमट दिवसाचा विचार करा. आतल्या कागदात क्लोराइड आणि सल्फेट कमी असावेत, तो आम्लधर्मी नसावा.

१६. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्यावर पांढरी भुकटी आली. पत्रा घट्ट गुंडाळला होता, मग?

घट्ट गुंडाळणं हेच कारण. नव्या जस्ताला मोकळी हवा मिळाली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्यावर कार्बोनेटचा चिवट थर बसतो आणि तोच पुढे त्याला सांभाळतो. एकमेकांना चिकटलेल्या पत्र्यांमध्ये पाणी केशाकर्षणाने शिरतं, हवा शिरत नाही. मग संरक्षक थराऐवजी भुसभुशीत पांढरा गंज वाढतो.

इथे बाकीच्या पॅकिंगचा नियम उलटा होतो. पत्रे थोडे तिरके ठेवा, मध्ये कोरडे स्पेसर घाला, वारा खेळू द्या, आणि ताडपत्री टाकायचीच असेल तर बाजू मोकळ्या ठेवा. हलकी भुकटी नायलॉनच्या ब्रशने जाते आणि खाली बहुतेक वेळा पुरेसं जस्त शिल्लक असतं. काळपट डाग आणि खड्डे दिसले तर थराची जाडी मोजून घ्या.

१७. स्टेनलेसला कशाला जपायचं?

कारण त्याचं संरक्षण क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरावर अवलंबून असतं. त्यावर साध्या लोखंडाची पट्टी घट्ट आवळली किंवा ग्राइंडिंगचा कीस बसला की तो कीस गंजतो आणि स्टेनलेसच गंजलं असं वाटतं. प्लास्टिकची पट्टी वापरा, कडेला कोपरे लावा, आणि साध्या लोखंडावर वापरलेले मोजे आणि कापड इथे आणू नका. संरक्षक फिल्म लावलेला पत्रा उन्हात ठेवला तर तिचा गोंद भाजून बसतो आणि फिल्म तुकड्या-तुकड्याने निघते.

१८. पॅकिंग फाटलेलं नाही, पाणी नाही, तरी ॲल्युमिनियमवर काळे ठिपके आणि बेअरिंगवर खळगे. हे काय?

हे कंपनामुळे होणारं नुकसान. ट्रक चालताना दोन पृष्ठभाग मिलिमीटरपेक्षा खूपच कमी अंतरात मागे-पुढे घासत राहतात. ॲल्युमिनियममधून सुटलेला बारीक कण लगेच ऑक्सिडाइज होऊन काळा दिसतो. पत्र्यांच्या मध्ये कागद घाला आणि गठ्ठा असा बांधा की पत्रे एकमेकांवर सरकणार नाहीत.

बेअरिंगची गोष्ट जुनी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेल्वेने लांबवर पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये न वापरताच खळगे सापडले होते. बेअरिंग फिरत नसताना गोळ्यांखालचं वंगण बाजूला जातं आणि पुन्हा भरत नाही, वर डब्याची थरथर चालूच असते. मशीन पाठवताना स्पिंडल जखडून टाका, शक्य असेल तिथे बेअरिंगवरचं वजन काढा.

१९. ओरखडे आणि पोचे कमी कसे करायचे?

जॉब खोक्यात हलता कामा नये, आणि जॉबला जॉब लागता कामा नये. खोकं भरून दोन्ही हातांनी हलवा. आतून आवाज आला तर ते खोकं जाऊ देऊ नका. आट्यांना आणि धारांना टोप्या लावा, पण त्या पीव्हीसीच्या असतील तर जास्त काळासाठी पॉलिथिनच्या घ्या, कारण पीव्हीसी उष्णतेने खराब होताना हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं. फोम निवडताना तो पाणी धरतो का ते बघा. बंद पेशींचा पॉलिथिन फोम पाणी धरत नाही, उघड्या पेशींचा स्पंज धरतो आणि जॉबवर आपल्या छिद्रांची नक्षी उमटवतो.

२०. पितळ आणि चांदीसाठी वेगळं काही?

चांदी गंधकामुळे काळवंडते. तिच्याजवळ रबरबँड, लोकरीचं कापड आणि साधा पुठ्ठा नको. पितळाचा शत्रू अमोनिया. १९ व्या शतकात भारतातल्या ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवली जात आणि त्यांना तडे जात. कारण अमोनिया आणि दाबून घडवताना पितळात राहिलेला ताण, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं. ओढून किंवा दाबून घडवलेला पितळी माल अमोनिया असलेली खतं, जनावरांचे गोठे किंवा तसल्या साफसफाईच्या द्रवांच्या शेजारी साठवू नका. इथे नुसता डाग पडत नाही, भाग फुटतो.

२१. तेलाच्या डब्यावर सॉल्ट स्प्रेचे इतके तास असं लिहिलं आहे. म्हणजे किती महिने?

तासांचे महिने करता येत नाहीत. ती चाचणी मिठाच्या सततच्या फवाऱ्यात होते आणि दोन तेलांची तुलना करायला ती ठीक आहे. खोक्यातल्या मालाच्या जवळ जाणारी चाचणी हवी असेल तर दमट पेटीतली चाचणी मागा, आणि आपल्याच पॅकिंगचे दोन नमुने गोदामात ठेवून तारीख लिहा.

२२. माल आला की लगेच उघडून तपासायचा का?

थंड कंटेनरमधून आला असेल तर नाही. पिशवी बंद ठेवून माल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, जड मालाला यासाठी अख्खा दिवसही लागतो. गार लोखंडावरची पिशवी दमट खोलीत फाडली तर दोन मिनिटांत दव धरतं, आणि प्रवासात चांगला राहिलेला माल आपल्याच टेबलावर बिघडतो. नमुना तपासून झाला की पिशवीचं तोंड पुन्हा बंद करा आणि शोषक असेल तर नवीन टाका. एका जॉबसाठी उघडलेली पिशवी तशीच राहिली म्हणून बाकीचे एकोणपन्नास गंजल्याचं मी पाहिलं आहे.

२३. गंज निघालाच. आता आधी काय करू?

पुसू नका. आधी फोटो काढा: खोकं बाहेरून, पिशवी बंद असताना, आर्द्रतेचं कार्ड, मग जॉब, शेजारी पट्टी ठेवून. गंजाच्या आकारावरून त्याचं कारण वाचता येतं. बोटाच्या आकाराचा असेल तर प्रश्न ४. पिशवीच्या घडीची रेष असेल तर प्रश्न ३. फक्त खालची बाजू असेल तर प्रश्न ६ किंवा १४. आट्यांतून आणि भोकांतून ओघळ आले असतील तर धुण्याचं पाणी राहिलं होतं. वरच्या थरातल्याच खोक्यांत असेल तर कंटेनरच्या छताचं पाणी. सगळीकडे सारखे बारीक ठिपके असतील तर धुण्याच्या पाण्यातले क्षार तपासा. दोन-तीन जॉब न पुसता, त्याच पिशवीत, कोरड्या जागी बाजूला ठेवा आणि पाठवणाऱ्याला त्यांचा क्रमांक आणि पॅकिंगची तारीख कळवा.